गडवाटेवर कुदळ-फावडं घेऊन जाणाऱ्यांसाठी

गडावरच्या श्रमदानाला पहिल्यांदा येणारे बहुतेक जण दोनपैकी एक अपेक्षा घेऊन येतात. कचरा वेचायचा असेल, नाहीतर मातीत गाडलेली एखादी तोफ बाहेर काढायची असेल. पहिल्या रविवारी हातात येतं फावडं, आणि समोर असतो गाळाने बुजलेला वीतभर खोल चर. तो मोकळा करायचा. वीस-पंचवीस पावलांवर दुसरा असतोच. दुपारी खाली उतरताना फोटोत दाखवावं असं काहीच झालेलं नसतं. निम्मे लोक पुढच्या वेळी येत नाहीत ते यामुळेच. जे येतील त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सह्याद्रीत वाटेचं काम म्हणजे पाण्याचं काम. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. घाटमाथ्यावरच्या गडांची गत फार वेगळी नाही. हजारो पावलांनी माती दबते, गवत मरतं, वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जराशी खाली जाते. पाण्याला तेवढंच हवं असतं. ते वाटेतूनच धावायला लागतं, बारीक माती घेऊन जातं आणि मागे सुटे गोटे ठेवतं. यालाच आपण घसारा म्हणतो. घसाऱ्यावरून कोणाला चालायचं नसतं, म्हणून लोक कडेच्या गवतावरून जातात, तेही मरतं, वाट रुंदावते. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेसारख्या गर्दीच्या वाटांवर चढाच्या जागी नीट बघा. एका वाटेच्या दोन-तीन वाटा कशा होतात ते तिथे शिकता येतं.

उपाय तीनच, आणि तिन्ही जुने आहेत. पहिला, वाटेला दरीच्या बाजूला किंचित उतार द्यायचा. मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर पुरे. त्याहून जास्त दिला तर पावसात माणूस दरीकडे घसरेल. दुसरा, वाटेवर तिरकी दगडांची ओळ पुरायची, म्हणजे उतारावरून येणारं पाणी त्या ओळीला अडून तिच्या कडेच्या चरातून बाजूला निघून जातं. ओळ अगदी आडवी घातली तर पाणी मागे साचतं आणि वरून उडी मारून पुढची माती खणतं, म्हणून तिरकी. तिसरा, उभ्या चढावर दगडी पायऱ्या.

नवख्याने पायऱ्यांच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यांना पायरीच बसवायची असते, कारण ती दिसते. पण त्या तिरक्या ओळीचं तोंड, म्हणजे जिथून पाणी वाटेबाहेर पडतं ती जागा, दर पावसाळ्यात गाळाने आणि पाल्याने बुजते. ते तोंड साफ केलं नाही तर वरची सगळी मेहनत पहिल्या मोठ्या सरीत वाहून जाते. हे काम फावडं धरता येणाऱ्या कोणालाही जमतं, त्याला ताकद लागत नाही, आणि वाटेला सर्वात जास्त उपयोग त्याचाच होतो. काम झालं की बाटलीभर पाणी वाटेवर ओतून बघायचं. ते कुठे जातं यावरून कळतं, जमलं की नाही.

पुढे कधी पायरीची पाळी आली तर दगड निवडण्यातच अर्धा वेळ जाऊ द्या. दोघांना मिळून जेमतेम सरकेल असा हवा. एकट्याला सहज उचलता येणारा दगड पावसात टिकत नाही. लांब बाजू डोंगरात जाते, दर्शनी भाग थोडाच बाहेर राहतो, आणि वरची पायरी खालच्या पायरीच्या मागच्या भागावर टेकते. फटींत माती भरू नका, ती धुऊन जाते. दगडाच्या चिपा ठोकून बसवा. मग वर उभं राहून डोलून बघा. जरा जरी डुगडुगला तर काढून परत. पहारीने दगड हलवताना बोटं दगडाखाली घालायची नाहीत, आणि खालच्या वळणावर माणूस उभा असताना वर दगड सरकवायचा नाही. या दोन गोष्टींवर म्होरक्या ओरडला तर राग मानू नये.

दगड उलटताना आणखी एक. फुरसं आणि विंचू दगडाखालीच बसतात. आधी पहारीच्या टोकाने दगड आपल्या विरुद्ध बाजूला कलता करायचा, मग हात घालायचा. कड्यावर आग्यामोहोळ असेल तर धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही.

आता परवानगी. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच उत्साही गट अडचणीत येतात. गड कोणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. रायगड, लोहगड, शिवनेरी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. राजगड, साल्हेर राज्याच्या. हे पाचही 2025 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत, त्यामुळे तिथे लक्ष अधिकच असतं. गडाखालची वाट बहुतेकदा वनखात्याच्या जमिनीतून जाते, आणि हरिश्चंद्रगडासारखा गड अभयारण्यात असेल तर वन्यजीव कायदाही आला. केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर 1958 च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हेतू चांगला होता, हे तिथे चालत नाही. म्हणून तटाचा ढासळलेला दगड पायरीला वापरायचा नाही, कितीही मापाचा दिसला तरी. बुरुजातल्या उंबराची मुळं स्वतःहून उपटायची नाहीत. कधी कधी त्या मुळांनीच चिरे धरून ठेवलेले असतात. खणताना नाणं किंवा भांडं सापडलं तर काम थांबवून कळवायचं. 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा, कायदा आजही लागू आहे आणि दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

गट निवडताना दोन प्रश्न विचारा: लेखी परवानगी आहे का, आणि गावातलं कोण बरोबर असतं? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गुरं घेऊन वर जाणाऱ्या मामांना प्रत्येक ओहोळाची जुनी जागा माहीत असते. एका मामांनी आमची आखलेली ओळ बघून नुसतं विचारलं, "पाणी हिकडनं येतंय, तुमी तिकडं का खणताय?" ओळ पुन्हा आखली.

वर्षाचं वेळापत्रक पावसावर ठरतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला वाटेवर आलेलं गवत आणि घाणेरी कापायची. कारवीला हात लावायचा नाही, उतारावरची माती तीच धरून ठेवते. हिवाळ्यात दगडाचं जड काम. फेब्रुवारीपासून वणव्याची भीती, तेव्हा जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला वनरक्षकांना माणसं हवी असतात. मे महिन्यात पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवायचं, आणि चरांची तोंडं शेवटची एकदा साफ.

सोबत चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. कुदळ, घमेलं, पहार गटाकडे असतात. स्वतः विकत घेण्याची घाई करू नका.

पुढे याचा उपयोग काय, हे विद्यार्थी हमखास विचारतात. पगाराची नोकरी यातून क्वचितच निघते, ते आधीच सांगून टाकतो. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर वर्षाला 120 तास भरायचे असतात. हे काम त्यात धरता येईल का ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारा, नंतर नाही. स्थापत्य, भूशास्त्र किंवा वनशास्त्र शिकणाऱ्याला चुन्याशिवाय रचलेला दगड आणि उतारावरचं पाणी वर्गात इतक्या जवळून बघायला मिळत नाही. पुरातत्त्वाची ओढ लागली तर पुण्यात डेक्कन कॉलेज आहे.

आणि जूनमध्ये, चांगला पाऊस लागला की, अवजारं न घेता एकदा तरी त्याच वाटेने जा. सुरक्षित जागी, कड्यापासून लांब, धो धो पावसात उभं राहून प्रत्येक ओळीवर पाणी कुठे वळतंय आणि कुठे उडी मारतंय ते वहीत लिहून ठेवा. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पेन्सिल वापरा. ऑक्टोबरचं काम त्या यादीवरून ठरतं.