दहावी-बारावीचे टक्के आणि प्लेसमेंट: या चुका टाळा

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, आता दहावीचे टक्के कोण बघतंय?" बघतात. मोठ्या आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, सगळीकडे 60 टक्के हवेत ही अट नेहमीची. मुलं तिला 'सिक्स्टी थ्रूआउट' म्हणतात. अर्ज ढिगाने येतात, पहिली चाळणी कॉम्प्युटर लावतो आणि त्याला तुमचा प्रोजेक्ट दिसत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची. आपल्या राज्य बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरची टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची असते. बऱ्याच कंपन्यांना मात्र सगळ्या विषयांची सरासरी हवी असते, आणि तसं फॉर्मवर लिहिलेलंही असतं. आमच्या एका मुलीला पाच विषयांत 312 होते, म्हणजे 62.40 टक्के. तेवढेच तिने भरले. गणितातले 41 धरले की 600 पैकी 353, म्हणजे 58.83. टेस्ट झाली, दोन्ही इंटरव्ह्यू झाले, ऑफर आली, घरी पेढे वाटून झाले. कागदपत्रं तपासताना ऑफर रद्द. तिचे वडील माझ्या टेबलासमोर लॅमिनेट केलेली गुणपत्रिका धरून "इथे तर बासष्ट छापलंय" एवढंच म्हणत राहिले. तेव्हापासून प्रत्येकाची बेरीज मी माझ्यासमोर कॅल्क्युलेटरवर करून घेतो. पाच मिनिटं लागतात, तरी मुलांना त्याचीही घाई असते.

59.4 चे 60 करू नका. डिग्रीच्या पॉइंटरचे (सीजीपीए, म्हणजे दहापैकी मिळालेली सरासरी श्रेणी) टक्के काढताना त्याला सरळ दहाने गुणू नका, विद्यापीठाचं सूत्र वापरा. वर्ष वाया गेलं असेल तर गॅप लपवू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे दहावीला 55 आहेत म्हणून हातपाय गाळणं. याची मला जास्त चीड येते, कारण घरचेच मुलांना तसं पटवून देतात. साठची अट सगळीकडे नसते. छोट्या कंपन्या समोर बसवून कोड लिहायला लावतात. राज्यसेवेला किंवा यूपीएससीला पदवी लागते, दहावीचे टक्के नाहीत. एकदोन वर्षांचा अनुभव झाला की पुढच्या इंटरव्ह्यूत तुम्ही काय काम केलंत यावरच बोलणं होतं.

मूळ गुणपत्रिका मात्र तेव्हाही मागतात. हरवली असेल तर डुप्लिकेटसाठी बोर्डाकडे आजच अर्ज करा, ऑफर येईपर्यंत थांबू नका.