हिमनगांमधलं कयाकिंग: या चुका टाळा, कळकळीने सांगतेय

मे महिना जवळ आला की मला फोन सुरू होतात. ओळखीतलं कोणीतरी अलास्काला निघालेलं असतं, मुलगा-सून तिकडे असतात, आठ-दहा दिवसांचा प्लॅन ठरलेला असतो आणि त्यात एक दिवस ‘ग्लेशियरजवळ कयाकिंग’ असा बुक करूनही झालेला असतो. बुक केल्यावर विचारतात, आधी नाही. आणि दरवर्षी त्याच त्या चुका. मी पुण्यात सीओईपी कॉलेजच्या बोट क्लबवर वल्हं मारायला शिकले, मग पवना धरणावर बरीच वर्षं कयाक, म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी, चालवली, आणि आत्तापर्यंत तीनदा अलास्कात बर्फातून फिरून आलेय, तिन्ही वेळा गाईडबरोबर. त्यामुळे जे दिसलं आणि जे अंगावर आलं ते सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी चूक: बर्फाच्या जवळ जाणं

कितीही सांगितलं तरी लोक हे करतातच. हिमनग समोर आला की त्याला हात लावायचा असतो, टेकून फोटो काढायचा असतो, मधे कमान असेल तर त्यातून कयाक घालायची असते. आपल्या डोक्यात बर्फ म्हणजे डोंगरासारखी जागच्या जागी असलेली गोष्ट. तसं नाहीये. बर्फ समुद्राच्या पाण्यापेक्षा जेमतेम दहा टक्के हलका, म्हणून त्याचा साधारण ९० टक्के भाग पाण्याखाली असतो आणि तो खालून सतत विरघळत असतो, पाण्याच्या रेषेपाशी तर लाटा त्याला खाचच पाडतात. असं होता होता एक क्षण येतो की तोल जातो आणि अख्खा हिमनग उलटतो. काही वेळा आधी थोडा कलतो, काही वेळा तेवढंही नाही. आणि उलटताना त्याचा पाण्याखालचा पाय बाहेर येतो, तो कुठपर्यंत पसरलाय हे वरून दिसत नाही, तुमची कयाक नेमकी त्याच्यावर असू शकते.

आमच्या घरचाच किस्सा सांगते. कोलंबिया ग्लेशियरच्या बाजूला, वाल्डीझहून डे ट्रिप. मी, आमचे हे, धाकटे दीर आणि पुतण्या, दोन डबल कयाक. गाईड पंचविशीतली मुलगी, किनाऱ्यावर तिने पाऊण तास सगळं समजावलं, शिटीचे अर्थ सांगितले, एक लांब शिटी म्हणजे असाल तिथून माझ्याकडे या. दिरांचं लक्ष कॅमेऱ्याच्या बॅटरीकडे. तासाभराने एक दुमजली घराएवढा हिमनग आला, एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने गडद निळा, काचेसारखा गुळगुळीत. मी म्हटलं लांब राहा, तर “वहिनी, एकच फोटो, दोन मिनिटं!” म्हणत दोघे वळले. गाईडने लांब शिटी मारली. दिरांना वाटलं पुढे कोणालातरी बोलावतेय.

दहा-बारा मीटरवर असतील. आधी कडकड असा आवाज आला, मग तो हिमनग अगदी सावकाश, खरंच सावकाश कलायला लागला, आणि खालून निळा भाग वर येतच राहिला, येतच राहिला. त्याने उठलेली लाट कयाकला आडवी लागली आणि दोघे पाण्यात. बर्फ अंगावर आला नाही हे नशीब. गाईडने आधी पुतण्याला तिच्या कयाकला धरायला लावलं, त्यांची कयाक उलटी करून पाणी काढलं, सरळ केली, मग एकेकाला वर घेतलं. हे सगळं चार-पाच मिनिटांत झालं, पण आम्हाला तो अर्धा तास वाटला. तोंडातून शब्द फुटत नव्हता कोणाच्या.

नंतर गाईडने त्याच हिमनगाकडे बोट दाखवून मला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. गुळगुळीत, ओला, गडद निळा पृष्ठभाग दिसला म्हणजे तो भाग नुकता पाण्याखालून वर आलाय, हा एकदा उलटलाय आणि परत उलटेल. तसंच बर्फावर पाण्याच्या रेषेची जुनी खाच तिरकी दिसली तर समजा तो आधीच कललाय. बर्फातून सोडा ओतल्यासारखी चरचर येते ती ठीक आहे, आत दबलेले हवेचे बुडबुडे फुटत असतात. पण कडाड असा मोठा आवाज आला तर फोटो सोडा आणि लांब व्हा.

माझी सवय सांगते. हिमनगाची उंची आणि लांबी बघायची, जे जास्त त्याच्या निदान तिप्पट अंतर ठेवायचं, आणि गाईड अजून लांब म्हणाला तर अजून लांब. वाद नाही घालायचा. याच समुद्रात २४ मार्च १९८९ ला एक्सॉन वाल्डीझ हे ३०० मीटर लांबीचं तेलाचं जहाज कोलंबियातून आलेला बर्फ चुकवायला ठरलेली वाट सोडून गेलं आणि ब्लाय रीफवर चढलं, चार कोटी लिटरहून जास्त तेल सांडलं. एवढं मोठं जहाज ज्याला वाट देतं त्याच्या शेजारी आपण पाच-सहा मीटरच्या कयाकमधे बसून पोज देतो, याचा मला खरंच त्रास होतो.

ग्लेशियरच्या मुख्य भिंतीबद्दलही, म्हणजे जिथे तो समुद्राला टेकतो तिथल्या बर्फाच्या कड्याबद्दलही तेच. मी ज्या गाईड्सबरोबर गेले त्यातल्या कोणीच अर्ध्या मैलाच्या, म्हणजे ८०० मीटरच्या आत नेलं नाही, आणि दरवेळी ग्रुपमधलं कोणीतरी कुरकुरतं की पैसे भरून इतक्या लांबून काय बघायचं. अहो, तिथे झाड नाही, घर नाही, अंतराचा अंदाजच येत नाही. भिंतीचा तुकडा पडताना दिसतो आणि आवाज जवळजवळ अडीच सेकंदांनी येतो, यावरून समजून घ्या किती लांब आहात आणि पडला तो केवढा होता. लाट त्यानंतर येते. तेव्हा कयाकचं नाक लाटेकडे करायचं आणि खोल पाण्यात राहायचं, घाबरून किनाऱ्याकडे पळायचं नाही, कारण उथळ पाण्यातच ती लाट उभी राहून फुटते.

दुसरी चूक: “मला पोहता येतं”

हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटायला लागते. “टिळक टँकवर लहानपणापासून पोहतोय, काही होत नाही,” असं वर म्हणतात. टँकच्या पाण्याचा आणि ग्लेशियरजवळच्या तीन-चार अंशांच्या पाण्याचा काही संबंध नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेख्ट यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं यावर आयुष्यभर काम केलंय, त्यांचा १-१०-१ नियम पाठच करा. पहिला एक मिनिट श्वास आवरण्यात जातो, कारण थंडीच्या धक्क्याने आपोआप धाप लागते आणि तेव्हा तोंड पाण्यात असेल तर संपलं. मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि बेशुद्ध व्हायला साधारण एक तास. म्हणजे आधी गारठून नाही मरत माणूस, आधी हात चालेनासे होतात. लाईफ जॅकेट अंगावर, पट्टे आवळून हवं ते यासाठी, मांडीखाली ठेवलेलं नाही.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. बादलीत भरपूर बर्फ टाका, दोन मिनिटं हात बुडवा आणि लगेच शर्टाची बटणं लावा. मी हे प्रत्येकाला करायला लावते जो मला फोन करतो. यानंतर प्रश्न विचारायची पद्धतच बदलते.

आता कपड्यांचं. दिरांना त्या दिवशी जो त्रास झाला तो ड्रायसूटच्या, म्हणजे पाणी आत न शिरू देणाऱ्या अंगभर सूटच्या, चेनमुळे. दोन बोटं उघडी राहिली होती, शेवटी चेन जड जाते म्हणून त्यांनी तशीच सोडली. तेवढ्यातून कमरेपर्यंत पाणी शिरलं आणि आत सुती बनियन आणि जीन्स. पुतण्याची चेन बंद होती, आत लोकरी कपडे, तो बाहेर येऊन पाच मिनिटांत बोलायला लागला. दिरांना कयाकवरची दोरी धरता येत नव्हती, बोटं मिटतच नव्हती, बोटीवर नेऊन कोरडे कपडे, ब्लँकेट, गरम गोड पाणी असं करत दीड तास गेला. सगळ्यांची ट्रिप तिथेच संपली आणि आम्हाला कोणालाच त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यामुळे: सुती काहीही नको, अगदी आतलंसुद्धा. डेकॅथलॉनमधले साधे पॉलिस्टरचे थर्मल चालतात, वर फ्लीस, लोकरीचे मोजे दोन जोड. चेन दुसऱ्याकडून ओढून घ्यायची आणि तिसऱ्याला बघायला सांगायचं, मी अजूनही असंच करते. गळ्याशी रबर आवळतं, गुदमरल्यासारखं वाटतं, तरी सैल करायचं नाही. घातल्यावर उकिडवं बसून गळ्यातून आतली हवा काढून टाका, नाहीतर पाण्यात पडल्यावर पायात हवा जाते आणि पायच वर येतात. आणि सगळ्या कंपन्या ड्रायसूट देत नाहीत, काही नुसता रेनकोट आणि गमबूट देतात, हे पैसे भरायच्या आधी विचारायचं. स्वस्त पडतंय म्हणून रेनकोटवाली घेऊ का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे.

बाकीच्या पटापट सांगते.

प्रॅक्टिसशिवाय जाणं. पवनाला उघड्या कयाकवर तासभर फिरलात म्हणजे झालं नाही, तिकडे बंद कयाक असते, कमरेला स्प्रे स्कर्ट, म्हणजे बसायची जागा झाकून पाणी आत येऊ न देणारं कापड. उलटल्यावर त्याची पुढची दोरी ओढून बाहेर यायचं, ते इथल्या कोमट पाण्यात चार वेळा तरी करून जा. दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून हे येत नाही.

नुसत्या हाताने वल्हवणं. पाठ आणि कंबर फिरवून वल्हवायचं, नाहीतर तासाभरात खांदे भरून येतात आणि परत यायचं अंतर तेवढंच असतं. दुपारी ग्लेशियरवरून गार वारा सुटतो तो वेगळाच. डबल कयाकमधे ठेका पुढच्याचा, दिशा मागच्याची. पायाखालचे सुकाणूचे पेडल किनाऱ्यावरच नीट करून घ्या.

जेवायला थांबलात की कयाक पाण्याच्या कडेला सोडणं. तिथे भरती-ओहोटीत पाणी तीन-तीन मीटर चढतं-उतरतं, वर ग्लेशियरच्या लाटा. आमच्या दुसऱ्या ट्रिपमधे शेजारच्या ग्रुपच्या दोन कयाक सँडविच खाऊन होईपर्यंत तरंगायला लागल्या होत्या. पार वर ओढायच्या, बांधायच्या. बाकरवडीचा चुरासुद्धा तिथे टाकू नका, काळी अस्वलं फिरतात.

सीलच्या जवळ जाणं. मे-जूनमधे माद्या पिल्लांना घेऊन बर्फावर पडलेल्या असतात. ९० मीटरच्या आत जायचं नाही, १९७२ पासून तिथे कायदाच आहे की त्यांना त्रास द्यायचा नाही. तिने मान उचलून तुमच्याकडे बघितलं म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आलात, हळूच मागे फिरा. ती घाबरून पाण्यात गेली तर पिल्लू एकटं राहतं.

अलास्कातल्याच सुअर्ड गावाहून आयलिक ग्लेशियरला जाताना वॉटर टॅक्सीत दोन-अडीच तास जातात आणि समुद्र उघडा लागतो. बोट लागत असेल तर अवोमिनची गोळी निघायच्या आधी घ्या, उलटी व्हायला लागल्यावर नाही, आणि त्याने झोप येते म्हणून एकदा घरी घेऊन बघा.

आणि शेवटच्या दिवशी ही ट्रिप ठेवू नका. वारा असेल, बर्फाने वाट बंद केली असेल तर कंपनी रद्द करते आणि तेच बरोबर आहे. मी नेहमी मागे एक दिवस मोकळा ठेवते. मागच्या वेळी पहिल्या दिवशी आम्ही सुअर्डच्या धक्क्यावर पावसात कॉफी पीत बसलो, दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं होतं.