गाडीतली दुसरी बॅटरी भरते का नाई, पाहून घेत जा

वावरात जागलीला लाइट, मोबाइल चार्जिंग, फवारणीचा पंप यासाठी पिकअपमध्ये वेगळी बॅटरी टाकणारे आता लय जण आहेत पण ती भरते का नाई हे कोणी पाहात नाई, लाइट पिवळा पडला की मंग समजते. साधा मल्टिमीटर घ्या अन् व्होल्टेज त्या दुसऱ्या बॅटरीच्याच टर्मिनलवर मोजा, डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक मेन बॅटरीचा राह्यते. सगळं बंद करून तीन-चार तासांनी मोजायचं, लेड-ॲसिड बॅटरीत 12.6 च्या वर असलं तर भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी, आणि वारंवार 12 च्या खाली गेली तर प्लेटांवर सल्फेट जमून तिची ताकद कायमचीच कमी होते. मंग इंजिन चालू करा, आकडा 13.8 ते 14.4 कडे सरकला पाह्यजे. नाईच सरकला तर आधी फ्यूज, अर्थिंग अन् आयसोलेटर रिले (इंजिन चालू झालं की दुसरी बॅटरी मेन बॅटरीला जोडणारा स्विच) पाहा, बॅटरीवाल्याकडे नंतर जा, तो तर नवीनच घ्या म्हणेल. बीएस-6 च्या काही गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) मुद्दाम व्होल्टेज कमी करते, तिथं रिलेनं भागत नाई, डीसी-टू-डीसी चार्जर (कमी व्होल्टेज वाढवून दुसरी बॅटरी भरणारा) लागते. उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जाते तेव्हा बॅटरीतलं पाणी भराभर उडते, झाकणं उघडून पाहात जा अन् प्लेटा बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटरच टाका, बोअरचं नाई. लिथियम बॅटरी असली तर मात्र हे आकडे लावू नका, तिचं गणित वेगळं.