जंगलाच्या मातीतील वायूंचे मोजमाप : या चुका टाळा

यावलच्या किंवा तोरणमाळच्या रानात जमिनीवर पेटी उपडी घालून मातीतून निघणारी, सहज उडून जाणारी सेंद्रिय संयुगे मोजताना सर्वांत मोठी चूक गृहीतकातच होते : माती ही संयुगे फक्त सोडते, असे धरले जाते. प्रत्यक्षात पाचोळ्यातून मिथेनॉल (एक साधे अल्कोहोल) आणि टर्पिने (झाडांच्या राळेतली, तेलातली वासाची संयुगे) बाहेर पडत असताना मातीतले जीवाणू हवेतील आयसोप्रीन (झाडांच्या पानांतून सुटणारे संयुग) खाऊन टाकत असतात, आणि एकाच संयुगाबाबतही हवेतले प्रमाण एका पातळीच्या वर गेले की माती ते शोषते, खाली आले की सोडते. म्हणून पेटीतून गाळून पूर्ण शुद्ध केलेली हवा खेळवली, तर शोषण दिसणारच नाही. रानातलीच हवा आत घ्यावी, आत जाणारी आणि बाहेर येणारी दोन्ही मोजावी, आणि नमुन्याच्या नळीआधी ओझोन अडवावा, कारण तो टर्पिनांना वाटेतच मोडतो.

आकडे अकारण फुगले, तर आधी पेटी बसवण्यासाठी जमिनीत ठोकलेले कडे तपासावे. ते त्याच दिवशी ठोकले असेल, तर तुटलेल्या मुळांतून सुटलेली टर्पिनेच मोजली जातात. काही दिवस थांबणे भाग आहे. दुसरा संशयित ऊन. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, सागाची पाने झडलेली असल्याने सावलीही नसते, आणि बंद पेटी आतून तापली की उत्सर्जन झपाट्याने वाढते. पेटी पांढऱ्या कापडाने झाकावी आणि आतले तापमान प्रत्येक वेळी टिपावे.

हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप आणि रबरी वॉशर स्वस्त पडतात, पण ते स्वतःच संयुगे शोषतात आणि सोडतात. काच, स्टेनलेस स्टील किंवा टेफ्लॉन वापरावे. पेटीखाली टेफ्लॉनचा पडदा अंथरून कोरे मोजमाप, म्हणजे माती वगळून फक्त पेटीचे मोजमाप, घेतल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पाचोळा झाडून पेटी नीट बसवण्याचा मोह होतो. पण त्यात मुख्य स्रोतच बाजूला पडतो. वणव्याने जळालेली जागा मात्र वेगळी नोंदवावी.

राहिला पहिल्या पावसाचा वास, ज्याला १९६४ मध्ये ‘पेट्रिकोर’ हे नाव मिळाले. त्यातले जिओस्मिन, म्हणजे मातीतल्या जीवाणूंनी बनवलेले वासाचे संयुग, हवेत अगदी नगण्य प्रमाणात असले तरी नाकाला कळते, तर त्याहून कितीतरी जास्त असलेल्या मिथेनॉलचा वास येत नाही. त्यामुळे वासावरून प्रमाण ठरवू नये, आणि पहिल्या सरीनंतरच्या उसळीला ३६५ ने गुणून वर्षाचा हिशेब तर मुळीच मांडू नये.