जुन्या रॉकेटचा माग: नाशिकहून सुरुवात करणाऱ्यांसाठी

अवकाशातल्या वस्तूंचा माग काढायला शिकायचं असेल तर पहिलं लक्ष्य छोटा उपग्रह घेऊ नका. सोव्हिएत काळातल्या झेनित रॉकेटचा जुना दुसरा टप्पा घ्या. अवकाशातल्या वस्तूंच्या यादीत तो एसएल-16 आर/बी नावाने सापडतो. जवळपास 9 टनांचे असे बरेच सांगाडे साधारण 840 किलोमीटर उंचीवर अजून फिरताहेत आणि चांगल्या पासला, म्हणजे डोक्यावरून जाताना, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ते सिग्नल देत नाहीत, त्यामुळे त्यांचा ठावठिकाणा जमिनीवरच्या रडार आणि दुर्बिणींवरूनच काढावा लागतो. म्हणूनच शिकायला ते उत्तम.

टीएलई, म्हणजे वस्तूच्या कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळी, कुठून उतरवायचं हे तुम्हाला माहीत असेलच. मी अडकले ते त्यातल्या इपॉकवर, म्हणजे ते आकडे कोणत्या क्षणाचे त्यावर, म्हणून तेवढं नीट सांगते. समजा इपॉक 25032.25 आहे. 25 म्हणजे 2025, पुढचा आकडा वर्षातला दिवस. कोड लिहिताना हात आपोआप 1 जानेवारीत 32.25 दिवस मिळवतो आणि 2 फेब्रुवारी येते. चूक! इथे मोजणी शून्यापासून नाही, 1 जानेवारी हाच दिवस 1. म्हणजे 32 ही 1 फेब्रुवारी, आणि .25 म्हणजे यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) सकाळचे 6, आपले साडेअकरा. मिळवण्याआधी एक वजा करायचाच.

एवढं घोळून सांगते, कारण प्रोग्राम कुठेच अडत नाही. झेनितचा टप्पा दिवसाला चौदाएक फेऱ्या मारतो, त्यामुळे एक दिवस सरकला तरी पडद्यावर छान पास दिसतो, फक्त भलत्याच वेळेचा. तुम्ही गंगापूर धरणाकडे थंडीत उभे, वर काही नाही, आणि दोष देता ढगांना, शहराच्या उजेडाला, स्वतःच्या डोळ्यांना. माझा एक हिवाळा असाच गेला. आकाशाखाली जाण्याआधी तेच टीएलई स्कायफील्ड या पायथन लायब्ररीत घालून तुमची उत्तरं ताडून बघा. शेकडो किलोमीटरचा फरक असेल तर घरीच थांबा.

टीएलईला साधी केप्लरची (आदर्श कक्षेची) सूत्रं लावू नका. ते आकडे एसजीपी4 या गणिती पद्धतीसाठीच बनवलेले असतात. टीएलई ताजं घ्या. टप्पा सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त पळतो, त्यामुळे वेळेतली थोडी चूकही जागा बरीच चुकवते.

पास दाखवणाऱ्या तयार अ‍ॅपबद्दल माझं मत कडक आहे: पडताळणीला ठीक, शिकायला निरुपयोगी. तयार कोड हातात ठेवणारे मार्गदर्शकही मला पटत नाहीत. ‘तुझी नोंदवही दाखव’ म्हणणारं माणूस शोधा. वहीत काय असावं? टप्पा कोणत्या दोन ताऱ्यांमधून गेला, स्टॉपवॉचवर किती वाजले, आणि तो स्वतःभोवती गडगडत लोळत असेल तर दोन चमकांमधलं अंतर किती सेकंदांचं. बस.

गणित कच्चं आहे म्हणून घाबरू नका, खरंच. मेकॅनिकलच्या मुलांना हे जमतं, बीएस्सीवाल्यांनाही जमतं. इस्रोचं बंगळुरूचं आयएसफोरओएम केंद्र 2022 पासून उपग्रहांना अशा कचऱ्यापासून सांभाळण्याचंच काम करतंय. तिथे कोणते विषय लागतात ते आत्ताच बघून ठेवा.

पावसाळ्यात नाशिकच्या आकाशावर भिस्त ठेवू नका, तेव्हा कोड लिहा. कोजागरीच्या सुमारास आकाश उघडलं की सूर्यास्तानंतर तासाभराने बाहेर पडा. पौर्णिमेच्या चांदण्यात मंद टप्पे हरवतात, झेनित मात्र बहुधा सापडतो.