मांजराची माया ओळखताना या चुका टाळा

'मांजराला माणसाची ओढ नसते, घराची असते' असं सर्रास म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. मांजर जीव लावतं, पण त्याच्या रीतीनं. आपण ते कुत्र्याच्या मापानं मोजायला जातो आणि चुकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक पोटाची. आमची मनी समोर येऊन धपकन आडवी व्हायची आणि पांढरं पोट वर करून पडायची. सुरुवातीला मी लगेच पोटावर हात ठेवायचे. क्षणात चारही पंजे मनगटाभोवती आवळले जायचे आणि मागच्या पायांची नखं ओरखडे काढायची. मनी रागीट नव्हती. पोट ही मांजराची सगळ्यात नाजूक जागा. ती उघडी टाकणं म्हणजे 'तुझ्यासमोर मला भीती नाही' एवढंच सांगणं असतं. तिथे हात लावायची ती परवानगी नव्हे. अशा वेळी नुसतं जवळ बसा, हळू आवाजात बोला. हात लावायचाच असेल तर गालावर किंवा हनुवटीखाली लावा. शेपटीच्या मुळाशी हात लावलेला पुष्कळ मांजरांना खपत नाही.

'कुरवाळताना मध्येच चावतं' ही तक्रारही अशीच. चावण्याआधी मांजर बहुतेकदा इशारा देतं, आपलं लक्ष नसतं. शेपटीचं टोक झटकू लागतं, कान बाजूला वळतात, पाठीवरची कातडी थरथरते. यातलं काहीही दिसलं की थांबा. मी एक सोपी सवय लावून घेतली आहे: दोन-तीन सेकंद कुरवाळायचं आणि हात उचलायचा. तिनं डोकं पुढे केलं तर पुन्हा सुरू, नाहीतर पुरे.

प्रेमानं एकटक बघणं हीसुद्धा चूकच. रोखून पाहणं मांजराला धमकीसारखं वाटतं. त्याऐवजी डोळे अर्धवट मिटा, सावकाश बंद करा, सावकाश उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. माणसानं अशी संथ उघडझाप केली की मांजरंही डोळे बारीक करून प्रतिसाद देत होती. एवढंच नाही, तर अनोळखी माणसानं असं केल्यावर ती त्याच्या हाताजवळ यायला जास्त तयार होत होती.

घुरघुर ऐकली की मांजर खूश, असं धरून चालू नका. हे मी पोटतिडकीनं सांगते आहे. एकदा मनी दोन दिवस कोपऱ्यात अंग आवळून बसली होती, घुरघुरत होती. मला वाटलं, निवांत आहे. पण ती काही खात नव्हती. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तेव्हा दाताशी गळू निघालं. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. म्हणून आवाजासोबत बाकीचंही बघा: खाणं, लघवी, बसण्याची ढब. एक दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. आणि बोका लघवीसाठी सारखा जोर करतोय पण होत नाही असं दिसलं, तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

पायात घोटाळणाऱ्या, गाल घासणाऱ्या मांजराला दूर ढकलू नका. गालांवर, कपाळावर, हनुवटीवर त्याच्या गंधग्रंथी असतात. घासून ते स्वतःचा वास तुम्हाला लावतं, आपल्या माणसांत तुम्हाला धरतं. मांडीवर कणीक मळल्यासारखे पंजे चालवणं ही दूध पितानाची, पिल्लूपणातली सवय. नखं टोचली तर ओरडू नका, मांडीवर जाड चादर घ्या.

आपण घरी आल्यावर मांजर शेपटी उभी करून येतं, एकदा अंग घासतं आणि निघून जातं. याला बेपर्वाई समजू नका. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठानं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिल्लांना अनोळखी खोलीत थोडा वेळ एकटं ठेवून मग मालकाला परत आत पाठवलं होतं. सुमारे ६४ टक्के पिल्लं मालकाला भेटून धीर आल्यासारखी पुन्हा खोली न्याहाळू लागली. मालक आहे म्हणून ती निर्धास्त होती.

लाजऱ्या मांजराला पलंगाखालून ओढून काढून कुशीत घेणं मात्र कटाक्षानं टाळा. जमिनीवर थोडं तिरकं बसा, एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि हुंगू द्या. गाल घासला तर कुरवाळा. तोंड फिरवलं तर हात मागे घ्या आणि उद्या पुन्हा बसा.