डीबी तापतोय? एमसीबी बदलण्याआधी या चुका टाळा

एसी किंवा गीझर लावल्यावर अर्ध्या तासाने एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, डीबीचं म्हणजे हे स्विच असलेल्या पेटीचं झाकण कोमट लागतं, जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे २० अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवणं. एमसीबी असतो तो वायर वाचवायला. २.५ चौरस मिमीच्या वायरवर ३२ चा लावला, की भिंतीतली वायर तापत राहते आणि तो पडतच नाही.

आधी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारं साधन) लावा. २० च्या एमसीबीतून १३-१४ अँपिअरच जात असतील आणि तरी तो पडत असेल, तर बहुतेक वेळा टर्मिनलचा, म्हणजे वायर जोडायच्या जागेचा, स्क्रू ढिला असतो. एमसीबीतली धातूची पट्टी उष्णतेने वाकते. ती साधारण ३० अंशांना जुळवलेली असते, त्यामुळे टर्मिनल तापलं की वेळेआधी वाकते. चालू करताक्षणी पडत असेल तर मात्र शॉर्ट शोधा.

मेन आयसोलेटरचा (डीबीतला मुख्य स्विच) किंवा न्यूट्रल लिंकचा (सगळ्या न्यूट्रल वायर जिथे जोडतात ती पट्टी) स्क्रू ढिला असला की प्रकरण अधिक वाईट. करंट वाढत नाही, म्हणून काहीच पडत नाही. ३० अँपिअर आणि सांध्यात जेमतेम ०.०५ ओहम रोध, एवढ्यावर एका स्क्रूखाली ४५ वॉट उष्णता तयार होते. थ्री फेज घरात मेन न्यूट्रल सुटला तर काही फेजवर २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्ट जाऊन टीव्ही, फ्रिज जळतात. तरी न्यूट्रल लिंक तपासायचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एकाच स्क्रूखाली दोन-तीन न्यूट्रल कोंबलेले सर्रास दिसतात.

गोव्यात किनाऱ्याची खारी हवा आणि चिऱ्याच्या भिंतीत पावसाळाभर मुरणारी ओल टर्मिनलवर हिरवट थर आणते. त्यात वर्षभर बंद असलेलं घर चवथीला (गणेश चतुर्थीला) उघडतं आणि सगळा लोड एकदम येतो.

काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. डीबीतला आयसोलेटर पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला वीज असते. पुरवठा मीटरजवळच्या मेन स्विचपासून बंद हवा. इन्व्हर्टरही बंद करा, त्याच्याकडून डीबीत उलट येणारी वीज हमखास विसरली जाते. मग मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ, दोन्ही शून्य आहेत का पाहा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका.

काळा पडलेला स्क्रू पुन्हा आवळणं ही दुरुस्ती नव्हे. तापलेल्या टर्मिनलची पकड गेलेली असते, तो एमसीबी बदलायचाच. बसबार (एमसीबींना वीज पोचवणारी धातूची पट्टी) निळसर पडली असेल तर तीही. वायर लखलखीत तांबं आणि मऊ इन्सुलेशन लागेपर्यंत मागे कापा, कडक झालेला भाग ठेवू नका. अनेक तारांच्या वायरला योग्य मापाचा पिन लग (वायरच्या टोकावरची धातूची टोपी) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. टोकाला कथील लावू नका, ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सांधा पुन्हा ढिला होतो. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याला थेट जोडू नका, बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेला) वापरा. कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा, बऱ्याच एमसीबींना तो २ ते २.५ न्यूटन-मीटर असतो.

नंतर नेहमीचा लोड अर्धा तास चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने शेजारशेजारच्या एमसीबींचं तापमान मोजा. नेम प्लॅस्टिकवर धरा, चकचकीत धातूवर आकडा खोटा कमी येतो. तापतंय ते मीटरचं टर्मिनल असेल तर सील तोडू नका, वीज खात्याला कळवा.